सन्मानाचे व्याकरण

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके मुंबई-पुणे मार्गावर वसलेले आहेत. उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत भातशेती, रेल्वे, कारखाने आणि अलीकडे वाढलेली फार्महाऊसे. वर डोंगराच्या कुशीत ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्या. या वाड्यांतील एखादी बाई दाखल्यासाठी तालुक्याच्या गावी उतरते, तेव्हा तिची पहिली गाठ पडते ती छापील अर्जाशी. पुष्कळ मराठी अर्जांच्या पहिल्या ओळीत 'श्री./सौ./कु./श्रीमती' असे चार शब्द असतात आणि त्यांतील नको ते खोडावयाचे असतात. पुरुषाला एकच शब्द मिळतो आणि तो त्याला जन्मभर पुरतो. तो अविवाहित असो, विवाहित असो वा विधुर, 'श्री.' ढळत नाही. स्त्रीला मात्र स्वतःचे नाव सांगण्यापूर्वी आपल्याला नवरा आहे की नाही, हे सांगावे लागते. ज्या समाजांत नवरा गेल्यावर किंवा काडीमोड झाल्यावर दुसरे घर करणे ही जुनी व मान्य रीत आहे, त्या समाजांतील स्त्रीला ही वर्गवारी मुळातच परकी आहे. कचेरी मात्र ती सर्वांना सारखीच लावते.

एका छापील ओळीचा हा प्रश्न किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि माणसाला कोणत्या शब्दाने ओळखावे आणि तो शब्द कोणी ठरवावा, यावरून आज जगात मोठे वाद चालू आहेत. त्यांतील सर्वांत गाजलेला वाद स्पॅनिश भाषिकांचा आहे. मराठीला त्यापासून काही घेता येईल काय आणि काय टाकून द्यावे लागेल, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

स्पॅनिशमधील वाद

स्पॅनिश भाषेत नामांना दोनच लिंगे आहेत. मुलगा म्हणजे 'निन्यो', मुलगी म्हणजे 'निन्या'. शंभर मुली आणि एक मुलगा असा मेळावा असला तरी व्याकरणाने त्यांना 'निन्योस' या पुल्लिंगी अनेकवचनानेच संबोधावयाचे. 'सगळे' या अर्थी 'तोदोस' हा शब्दही पुल्लिंगीच. स्त्रीवादी चळवळीने यावर आक्षेप घेतला. पुढे स्वतःला स्त्री वा पुरुष या दोन्ही चौकटींत न बसविणाऱ्या तरुणांनी 'तोदेस' असे तिसरे रूप वापरण्यास आरंभ केला. १७१३ साली स्थापन झालेल्या स्पेनच्या राजेशाही भाषा अकादमीने या रूपाला मान्यता दिली नाही. पुल्लिंगी अनेकवचनात स्त्रियांचा समावेश असतोच, अशी तिची भूमिका आहे. अर्जेंटिनात या रूपाचा प्रसार विशेष झाला आणि विरोधही तेथेच तीव्र झाला. ब्वेनोस आयरेस शहराच्या शासनाने २०२२ मध्ये शाळांत त्याच्या वापरावर बंदी घातली. २०२४ मध्ये राष्ट्रीय शासनाने आपल्या प्रशासनातून ते हद्दपार केले.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याच वादाला ओळखीच्या शब्दाचे रूप आले. तेथील लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांना 'लातिनो' व 'लातिना' असे म्हणतात. लिंगभेद टाळण्यासाठी 'लॅटिनेक्स' हा शब्द पुढे आला आणि विद्यापीठे, वृत्तपत्रे, कंपन्या यांनी तो उचलला. परंतु प्यू संशोधन संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्या समाजातील अवघे ३ टक्के लोक हा शब्द स्वतःसाठी वापरत असल्याचे दिसले. २०२४ पर्यंत तो ऐकलेल्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर गेले; वापरणारे मात्र ४ टक्केच राहिले. त्या समाजाची सर्वांत जुनी नागरी हक्क संघटना 'लुलाक' हिनेही २०२१ मध्ये आपल्या व्यवहारातून तो काढून टाकला. स्पॅनिश बोलणाऱ्याच्या जिभेवर तो शब्द नीट बसतच नव्हता.

याउलट 'चिकानो' या शब्दाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. मेक्सिकन वंशाच्या लोकांना हिणविण्यासाठी वापरला जाणारा हा शब्द १९६० नंतरच्या दशकात त्याच समाजातील तरुणांनी अभिमानाने स्वीकारला आणि तो चळवळीचे नाव झाला. महाराष्ट्रातील वाचकाला येथे १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरची आठवण होईल. गांधीजींनी रूढ केलेला 'हरिजन' हा शब्द सद्‌भावनेने दिलेला होता. पण तो दिलेला होता, घेतलेला नव्हता. डॉ. आंबेडकरांनी तो नाकारला. 'दलित' हा शब्द दुःखाचा उच्चार करणारा असूनही समाजातील लेखक-कार्यकर्त्यांनी तो आपला म्हणून उचलला. शब्द गोड आहे की कडू, यापेक्षा तो कोणाच्या तोंडून प्रथम आला याला अधिक महत्त्व असते, हा या दोन्ही इतिहासांचा धडा आहे.

मराठीची निराळी ठेवण

स्पॅनिशमधील उपाय मराठीत जसाच्या तसा आणता येत नाही, कारण मराठीची ठेवणच निराळी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये निघाले, मोरो केशव दामले यांचे १९११ मध्ये. तेव्हापासून शाळेतील प्रत्येक मूल तीन लिंगे पाठ करीत आले आहे. स्पॅनिशला जे नव्याने घडवावे लागले, ते मराठीत एका परीने पूर्वीपासून आहे. 'मुले आली' म्हटले की त्यात मुलगेही आले आणि मुलीही. 'माणसे जमली' म्हटले की बायका आणि पुरुष दोन्ही जमले. ही रूपे पुल्लिंगी नाहीत. 'नवराबायको बाजाराला गेली' या वाक्यात कोणीच कोणाच्या लिंगात विरघळून जात नाही.

मात्र एकवचनात हे तिसरे लिंग कामास येत नाही. मूल, लेकरू, पोर यांच्याबाबत ते मायेचे असते. प्रौढ माणसाबाबत ते उपहासाचे होते. 'ते ध्यान आले' हे वाक्य कोणीही आदराने उच्चारीत नाही. शिवाय त्या लिंगाचे 'नपुंसक' हे नावच व्यवहारात शिवीसारखे वापरले जाते. ज्या व्यक्तीला 'तो' वा 'ती' या दोहोंपैकी काहीच नको, तिला 'नपुंसकलिंगात बसा' असे सांगणे हा मान नव्हे. येथे लेखनाचीही एक गंमत आहे. पूर्वी 'तें मूल' असे अनुस्वार देऊन लिहीत आणि आदरार्थी 'ते' अनुस्वाराविना. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. तेव्हापासून पाळण्यातले 'ते' आणि व्यासपीठावरचे 'ते' कागदावर एकच झाले.

खरा फरक क्रियापदात आहे. स्पॅनिशमध्ये 'मी जातो' किंवा 'मी जाते' याला एकच रूप आहे. क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही. मराठीत ते सांगते. वर्गातील मुलाने वा मुलीने तोंड उघडून 'मी येतो' किंवा 'मी येते' म्हटले की लिंग जाहीर झाले. निबंधाचे विषय पाहावेत. 'मी पंतप्रधान झालो तर' हा विषय फळ्यावर लिहिला जातो तेव्हा वर्गातील अर्ध्या विद्यार्थ्यांना शीर्षकच बदलून घ्यावे लागते, आणि बऱ्याच मुली ते न बदलताच निबंध लिहून मोकळ्या होतात. कोल्हापूरकडे मुलीही 'मी आलो' म्हणतात, तेव्हा त्यांना हसणारे शहरी लोक या फळ्यावरच्या 'झालो'ला हसत नाहीत. 'मला पंतप्रधानपद मिळाले तर' असे लिहिले असते तर व्याकरण बिघडले नसते आणि कोणी वर्गाबाहेरही राहिले नसते.

कारण मराठीतच लिंग न सांगण्याच्या अनेक वाटा आहेत. 'मी जाईन' या भविष्यकाळात लिंग नाही. 'मी भाकरी खाल्ली' या कर्मणी प्रयोगात क्रियापद भाकरीच्या मागे जाते, खाणाऱ्याच्या नव्हे. 'मला वाटते', 'मला हवे' यांतही लिंग नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'आम्ही आलो' हे वाक्य स्त्रियाही म्हणतात आणि पुरुषही. 'तुम्ही आलात' हे दोघांनाही म्हणता येते. 'तू आलास' आणि 'तू आलीस' यांत भेद आहे. 'तुम्ही'मध्ये तो नाही. म्हणजे मराठीत समोरच्या माणसाला मान दिला की लिंगाचा भेद आपोआप गळून पडतो. लिंगनिरपेक्ष संबोधन शोधण्यासाठी परदेशी प्रत्यय आणण्याची गरज नाही. ते भाषेच्या घरातच आहे. फक्त ते सर्वांना मिळत नाही.

'तुम्ही' कोणाला मिळते?

येथे व्याकरणाचा प्रश्न सामाजिक होतो. कोणत्याही तालुक्याच्या कचेरीच्या खिडकीशी घटकाभर उभे राहिल्यास कोणाला 'तुम्ही' मिळते आणि कोणाला 'तू', हे कळून येते. चारचाकीतून उतरलेल्या तरुणाला 'तुम्ही', 'बसा' असे म्हटले जाते. वीटभट्टीवरून आलेल्या, साठी उलटलेल्या कातकरी स्त्रीला 'काय गं, कागद आणलास का?' असे विचारले जाते. अनेक आदिवासी बोलींत वडीलधाऱ्यालाही 'तू' म्हणण्यात काही अनादर नसतो. तोच 'तू' तिच्या तोंडून साहेबांना उद्देशून निघाला, तर तिला बोलण्याची रीत नाही असे ठरते. साहेबांच्या तोंडचा 'तू' मात्र कोणाच्या कानाला खटकत नाही. 'तू' हा शब्द मूळचा वाईट नाही. आईला आणि देवाला मराठी माणूस 'तू'च म्हणतो. तो एकाच बाजूने वाहू लागला की अपमान होतो.

पदनामांतही हाच नियम दिसतो. मराठीत सेवेची पदे लिंग सांगतात: सेविका, परिचारिका, शिक्षिका, मोलकरीण. अधिकाराची पदे बहुधा सांगत नाहीत: सरपंच, सभापती, तहसीलदार, न्यायाधीश, अधिकारी, वकील, डॉक्टर. याचे कारण भाषेची उदारता हे नाही. त्या खुर्च्यांवर स्त्रिया कधी बसतील अशी कल्पनाच नसल्यामुळे स्त्रीलिंगी रूपे घडली नाहीत, एवढेच. पण १९९३ पासून त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले, तेव्हा हीच उणीव सोयीची ठरली. 'सरपंच' हा शब्द बदलावा लागला नाही. बदलावयाची राहिली ती सवय. 'महिला सरपंच' असे आवर्जून म्हटले जाते, 'पुरुष सरपंच' असे कोणी म्हणत नाही. नामफलकावर बाईंचे नाव असते आणि आलेला माणूस 'सरपंच कुठे आहेत?' म्हणून त्यांच्या यजमानांचा शोध घेतो.

२००७ मध्ये प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा 'पती' या शब्दावरून बरीच चर्चा झाली. 'पती' म्हणजे धनी, पालक असाही अर्थ आहे, हे जाणकारांनी दाखवून दिले. शब्द तोच राहिला. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती झाल्या, तेव्हा 'राष्ट्रपती महोदया' ऐकताना फारसे कोणी अडखळले नाही. खुर्चीवर माणूस बसला की शब्दाचा अर्थ रुंदावतो. २०२४ मध्ये राज्य शासनाने ग्रामसेवक हे पद ग्रामविकास अधिकारी या पदाशी एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे पदनाम दिले. त्याबरोबर ग्रामसेवक आणि ग्रामसेविका हा भेदही संपला. तो उद्देश नव्हता, पण परिणाम तोच झाला. पद वर गेले आणि लिंग गळाले. अंगणवाडी सेविकेच्या वाट्याला हे अद्याप आलेले नाही.

वाडीचे नाव, जमातीचे नाव

ओळखीच्या शब्दांबाबत शासनाचा हात या भागावरून अनेकदा फिरला आहे. ज्या जिल्ह्यात हे तालुके येतात तो कुलाबा जिल्हा १९८१ मध्ये रायगड झाला. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचे ठरविले. ज्या नावाने शतकानुशतके विटाळ सांगितला, ते नाव जावे हे योग्यच होय. तथापि प्रत्येक जमातवाचक नाव हे कलंकच असते, असेही नाही. कर्जतहून घाट चढणाऱ्या रेल्वेमार्गावर 'ठाकूरवाडी' नावाचे ठिकाणच आहे, आणि डोंगरातील कित्येक वाड्या स्वतःला अभिमानाने ठाकूरवाडी म्हणवितात. कोणते नाव ठेवावे आणि कोणते पुसावे, याचा निर्णय त्या वाडीच्या ग्रामसभेतून आला तर तो टिकतो. वरून आला तर पाटीवर एक नाव आणि तोंडात दुसरे, अशी स्थिती होते.

कातकरी हे नाव खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून आले, असे सांगितले जाते. इंग्रजी अमदानीत जंगले राखीव झाली आणि तो धंदा बुडाला. नाव तेवढे राहिले. अनुसूचित जमातींच्या यादीत काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, सोन काथोडी अशी नावे आहेत. ठाकूर, ठाकर, क ठाकूर, म ठाकूर अशीही आहेत. केंद्र शासन कातकऱ्यांसारख्या जमातींना इंग्रजीत ज्या नावाने ओळखीत असे, त्याचा अर्थ 'आदिम' असा होता. २००६ मध्ये तो शब्द बदलून 'विशेष दुर्बल' अशा अर्थाचा करण्यात आला. मराठी कागदांतून 'आदिम जमाती' अजूनही गेलेली नाही. 'आदिवासी' हा शब्द मात्र निराळ्या मार्गाने आला. संविधान सभेत जयपालसिंग मुंडा यांनी त्याचा आग्रह धरला होता. संविधानाने 'अनुसूचित जमाती' ही संज्ञा स्वीकारली. पण लोकांनी तिला मागे सारून 'आदिवासी' हाच शब्द आपला केला.

नावाचा प्रश्न केवळ अभिमानाचा नसतो. 'ठाकूर' हे आडनाव इतर समाजांतही असल्यामुळे या जमातीच्या विद्यार्थ्यांना व नोकरदारांना जात पडताळणीत फार त्रास झाला. चालीरीती, देवदेवता, बोली यांबद्दल प्रश्न विचारून जमातीशी नाते ठरविण्याची एक चाचणी असते. शहरात वाढलेल्या मुलाला ती उत्तरे देता आली नाहीत की दावा अडतो. ठाकूर जमातीच्या एका समितीने नेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असे स्पष्ट केले. पडताळणीसाठी कागद मागितले जातात ते प्रामुख्याने वडिलांकडील नातेवाइकांचे. आईची जमात, आईची वाडी, आईची बोली ही मुलाच्या ओळखीत कागदावर जवळजवळ येतच नाही. ओळखीच्या शब्दाचे लिंग येथे दिसून येते.

दिलेला मान, घेतलेला मान

एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरावा, असा प्रस्ताव तयार करण्यास खात्याला सांगितले. 'अपंग' या शब्दाच्या जागी 'दिव्यांग' आला, त्याच धर्तीवर हे असावे अशी कल्पना होती. स्त्री संघटनांनी कडाडून टीका केली आणि हा केवळ चर्चेचा विषय असल्याचा खुलासा करावा लागला. 'गं. भा.' ही अक्षरे जुन्या लग्नपत्रिकांतून विधवांच्या नावांआधी छापली जात. ती सन्मानाची म्हणून सांगितली जात आणि कपाळावरील कोरेपणाप्रमाणेच वेगळेपणाची खूण म्हणून वाचली जात. 'दिव्यांग' या शब्दालाही अनेक अपंग कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला होता. दिव्यत्व नको, जिन्याशेजारी उतरण द्या, असा त्या आक्षेपाचा मथितार्थ होता.

याच्या एक वर्ष आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने काय केले ते आठवावे. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद करण्याचा ठराव तिने केला. शासनाने त्याच महिन्यात इतर गावांनाही या ठरावाचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. हेरवाडने एकही नवा शब्द शोधला नाही. शब्दामागची वागणूक बदलण्याचे ठरविले. शब्द बदलून वागणूक तीच ठेवणे आणि वागणूक बदलून शब्दाला निरुपद्रवी करणे, या दोहोंतील अंतर या दोन घटनांइतके स्वच्छ क्वचितच दिसते.

स्त्री आणि पुरुष या दोन रकान्यांत न मावणाऱ्या माणसांची गोष्ट याहून कठीण आहे. 'तृतीयपंथी' हा मराठी शब्द सभ्य म्हणून रूढ झाला. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी मात्र आपल्या आत्मकथनाला 'मी हिजडा, मी लक्ष्मी' असे नाव दिले. ज्या शब्दाने हिणविले गेले तोच त्यांनी मथळ्यात घेतला. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच म्हणून निवडून दिले. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांनी स्त्रियांसाठी राखीव जागेवर भरलेला अर्ज निवडणूक अधिकाऱ्यांनी नाकारला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना स्त्री म्हणून उभे राहण्यास मुभा दिली, आणि गावाने त्यांना निवडून दिले. येथे 'ती' की 'तो' हा व्याकरणाचा वाद नव्हता. 'मी स्त्री आहे' हे तिचे वाक्य कागदावर खरे मानावयाचे की नाही, यावर तिचा निवडणूक लढविण्याचा हक्क अवलंबून होता. खेड्यातील मतदाराला हे समजण्यास कोणत्याही परिभाषेची अडचण आली नाही.

कागदावरचे नाव

कर्जत-खालापूरच्या वाड्यांपुढे आज हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहित दावेदाराला मिळणारा हक्क पतिपत्नींच्या संयुक्त नावाने नोंदवावयाचा असतो; कुटुंबप्रमुख एकटी स्त्री असेल तर तो तिच्या नावाने. दावेदार, धारक, वारस हे सारे शब्द लिंगनिरपेक्ष आहेत. पण शब्द निरपेक्ष असला म्हणून लिहिणारा हात निरपेक्ष असतो असे नाही. 'कुटुंबप्रमुख' हा शब्द वाचताच हात पुरुषाचे नाव लिहू लागतो. वीटभट्टीवर दिवाळीनंतर नवराबायको मिळून जातात, उचल दोघांच्या कष्टावर मिळते आणि हिशेब बहुधा पुरुषाच्या नावावर राहतो, त्याच रीतीने.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण मिळालेच नाहीत. शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. 'वारस' या शब्दाला लिंग नाही. परंतु वारस ठरण्यासाठी नाव कागदावर असावे लागते आणि ते सर्व कागदांवर एकच असावे लागते. ज्या स्त्रीचे नाव माहेरी एक, सासरी दुसरे, शिधापत्रिकेवर तिसरे आणि आधार कार्डावर चौथ्याच अक्षरांत असते, तिला दुःखाच्या दिवसांतही आपण तीच आहोत हे सिद्ध करीत फिरावे लागते. अशा आपत्तीत नावाचा प्रश्न हा पोटाचा प्रश्न होतो.

या दृष्टीने मार्च २०२४ मधील राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय लहान असला तरी मोलाचा आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या शासकीय कागदांवर प्रथम मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम बंधनकारक झाला. या निर्णयाने मराठी भाषेत एकही नवा प्रत्यय आला नाही; पण शाळेच्या पटावर आईच्या नावाला जागा मिळाली. ही मुले पहिलीत येतील तेव्हा नोंदवहीत नाव पूर्ण लिहून घेणे, आईला तिचे नाव तिच्या तोंडून विचारणे आणि ती उच्चारील तसे ते उतरविणे, हे काम शिक्षकांचे व लिपिकांचे आहे. 'पवाराची बायको' किंवा 'अमक्याची आई' एवढ्यावर ते थांबता कामा नये.

याहून अधिक काय करता येईल, हे सांगण्यासाठी आयोग नेमण्याची गरज नाही. अर्जावर 'नाव' एवढाच रकाना पुरेसा असतो. उपपद ज्याला हवे त्याने आपले आपण लिहावे. ज्या कामाशी विवाहाचा संबंध नाही, तेथे तो विचारू नये. लिंगाचा रकाना आवश्यक असेल तेथे भरणाऱ्याचा शब्द ग्राह्य मानावा. विद्यार्थ्यांनी नव्या संज्ञांचा अभ्यास अवश्य करावा. मात्र ज्यांच्यासाठी संज्ञा घडवावयाची, त्यांना आधी विचारावे. स्पॅनिश भाषिकांत जे झाले त्याचा मथितार्थ एवढाच आहे. तेथे ज्यांनी स्वतःसाठी नवे रूप मागितले त्यांची मागणी खोटी नव्हती; ते रूप न मागणाऱ्यांवरही एक नाव लादले गेले, तेथे वाद चिघळला. उलट बंदी घालणाऱ्यांनीही तीच चूक केली. दोघांनीही दुसऱ्याचे नाव स्वतः ठरविण्याचा हट्ट धरला.

मराठीने असा हट्ट धरण्याचे कारण नाही. 'माणसे' हा शब्द तिच्यापाशी आहे आणि 'तुम्ही' हेही आहे. खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला, मग ती डोंगरावरून आलेली म्हातारी असो, साडी नेसलेला तृतीयपंथी असो वा फार्महाऊसचा मालक असो, एकाच 'तुम्ही'ने बोलाविण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. 'तुमचे नाव काय लिहू?' हा प्रश्न पुरेसा आहे. त्यात लिंग नाही, जात नाही, विवाह नाही. आणि उत्तर देण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे.